तारा उर्फ वसुंधरा

कोहका, भिलाई
जि. दुर्ग (म. प्र.)
२२ जून १९९२

तीर्थरूप दौलतदादास,

नमस्कार. आठ वर्षांनी माझे पत्र पाहून आपणांस आश्चर्य वाटेल. ते वाटून झाले की कृपया पुढे वाचावे.

आमचे दोघांचे आठ दिवसांसाठी परदेशी जाण्याचे ठरत आहे. देशाचे नाव लक्झेंबर्ग. ह्यांचा पासपोर्ट आला, माझा अडला आहे. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर माझे नाव 'तारा बाबाराव झंझाड' असे आहे आणि अर्जात 'वसुंधरा मारोतराव लांजेवार' असे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहून ते बदलले, त्याचा सरकारदरबारी कागद नाही. तरी तारा व वसुंधरा ही एकच व्यक्ती आहे, असे प्रतिज्ञापत्र माहेरच्या रक्ताच्या नातेवाइकाने द्यावे, असे भोपाळहून कळवले आहे. माहेरी आता आपण एकटेच आहात.

नमुना सोबत जोडला आहे. गोंदियाच्या कोर्टात करून मिळेल. मूळ कागद ऑगस्टअखेर भोपाळला पोचावा लागेल. सौ. हिरावहिनींस नमस्कार.

इतर मजकूर नाही.

सौ. वसुंधरा मारोतराव लांजेवार


कोहका
१२ जुलै १९९२

दादा,

वीस दिवस झाले. पोस्टमन रोज सायकलनं आमच्या दारावरून जाते आणि घंटीही वाजवत नाही.

पहिलं पत्र मी चारदा लिहून काढलं होतं. ह्यांनी ते वाचलं आणि म्हटलं, "हे भावाले लिहिलं का जनरल मॅनेजरले?" म्हणून आता आपल्या घरच्या बोलीत लिहून राहिली. शाळेचं मराठी मले दहा ओळींच्या वर पेलत नाही, दम लागते.

आता तू म्हणशील, आठ वर्षं भाऊबीज नाही, राखी नाही, आणि काम पडलं तेव्हा बरी आठवण आली. बरोबर आहे. काम पडलं म्हणूनच लिहून राहिली. काम पडलं नसतं तर मी अजून आठ वर्षं लिहिलं नसतं, आणि तूही नसतं लिहिलं. आपण दोघं बाबांवर गेलो, आईवर एकही नाही गेलं.

चूक माझीच आहे, तेही सांगून टाकते. फॉर्म भरला त्या दिवशी हे म्हणत होते की वयाचं साधं शपथपत्र लावू, तेवढ्यात भागते. पण मले राहवलं नाही. पेटीतून मॅट्रिकचं सर्टिफिकेट काढलं. सदतीस वर्षं झाली, त्याले कोणी पाहिलंच नव्हतं. सेक्टर सिक्सच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं राहिली, दोन पोरं शिकवली, त्यांची लग्नं केली, पण मले कोणी विचारलं नाही की बाई, तुम्ही किती शिकल्या. म्हटलं, या निमित्तानं भोपाळपर्यंत तरी कळू दे. लावलं फॉर्मले. त्याच्यावर तारा लिहिलं आहे हे डोळ्यांले दिसलंच नाही. मी नुसती 'सेकंड डिव्हिजन' पाहत बसली होती. मिरवायची हौस भोवली, दुसरं काय.

आणि ते सर्टिफिकेट अर्धं तुझं आहे, हेही मले माहीत आहे. सात पेपरले सात दिवस तू मले सायकलवर नेलं. नवीन नवीन रेल्वेत लागला होता, कोणाकोणाच्या पाया पडून ड्यूटी बदलून घेतली. भूगोलाच्या दिवशी चेन उतरली तर तू पळत सायकल ढकलली आणि मी वर बसून महाराणीसारखी नद्या पाठ करत होती. त्याच पेपरात युरोपचा नकाशा भरायचा होता. लक्झेंबर्ग मी कोरं सोडलं होतं, कारण तेवढ्या जागेत नाव मावत नव्हतं. आता मी तिथं जाऊन राहिली. मी म्हणजे माझे दोन पाय मावतील एवढी जागा तिथं आहे, असं हे म्हणतात.

कावून तिथंच, असं तुले वाटत असन. शेजारचे लोक काशी-रामेश्वर करतात, फार झालं तर सिंगापूर. तर ऐक. शहाऐंशी साली ह्यांच्या स्टील प्लांटात फर्नेसच्या कामाले तिथून एक इंजिनियर आला होता, वेबर साहेब. सात महिने होता. पार ताडमाड माणूस, पण इथं येऊन त्याले कावीळ झाली आणि काडी होऊन गेला. गेस्ट हाऊसचं जेवण पाहूनच तोंड फिरवायचा. हे संध्याकाळी घरी येऊन सांगत होते, तर मी म्हटलं, माणूसच आहे ना, मऊ भात तर खाईल. मग दीड महिना मी डबा पाठवला. मऊ भात, बिनफोडणीचं वरण, ताक. बरा झाला तशी त्याची जीभ सुटली आणि एक दिवस ह्यांच्या डब्यातला पाटवडीचा रस्सा त्यानं चाखला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि म्हणते, अजून द्या. जाताना माझ्यासमोर वाकून नमस्कार केला. दरवर्षी नव्या वर्षाचं कार्ड येते. हे मागच्या वर्षी रिटायर झाले तर त्याचं लांबलचक पत्र आलं, की ऑक्टोबरात आमच्या नदीकाठी द्राक्षं तोडतात तेव्हा दोघं आठ दिवस या, माझ्या आईचं घर मोठं आहे, ती एकटीच राहते.

देश किती मोठा, ते हे नकाशावर पट्टी ठेवून मोजत बसले होते. राजनांदगावहून निघालो, दुर्ग, भिलाई, कुम्हारी झालं, रायपूर ओलांडलं की देश संपला. तुझी मालगाडी तर तेवढ्यात दोन सिग्नलले उभी राहायची.

ह्यांनी आठ दिवसांचा तक्ता केला आहे. रिटायर झाले तरी डोक्यातून प्लांट जात नाही. प्रत्येक दिवसाले तीन शिफ्टा. फर्स्ट शिफ्टमध्ये किल्ला, सेकंडमध्ये नदी, नाइट शिफ्टमध्ये झोप. पाचव्या दिवशी वेबर साहेबाच्या गावची भट्टी पाहायची आहे. ती बंद पडली म्हणे, थंड झाली. तीस वर्षं ज्या माणसानं भट्टी विझू दिली नाही, त्याले थंड भट्टी पाहायची आहे. मी म्हटलं, परदेशात जाऊन हेच पाहता का. तर म्हणाले, आत जाऊन हात लावून पाहीन, कधी लावता आला नाही.

एवढं सगळं ठरलं आहे, आणि मी कोण हे ठरलं नाही.

दादा, तू मले एकदाच वसुंधरा म्हटलं. लग्नाच्या दिवशी नाही, त्यानंतर सत्तावीस वर्षं नाही. सेक्टर सिक्सच्या व्हरांड्यात म्हटलं, आणि तेही 'वसुंधराबाई' म्हटलं. ते मी विसरली नाही. पण तो विषय आता नको. सही कर आणि पाठव.

तुझी बहीण
(नाव काय लिहायचं ते तूच कळव)


कोहका
२८ जुलै १९९२

दादा,

हिरावहिनीचं कार्ड आलं. बरं वाटलं तिचं अक्षर पाहून. तू मार्चमध्ये रिटायर झाला, हे मले तिच्या कार्डातून कळलं. सख्ख्या भावाची रिटायरमेंट मले पोस्टकार्डावर कळते, वा.

ती लिहिते की माझी दोन्ही पत्रं तू वाचली. दुसरं तर दोनदा वाचलं, आणि चेनच्या गोष्टीले हसला. नमुना रेडिओखाली ठेवला आहे. सही करशील का, असं तिनं विचारलं. तर दोन दिवसांनी जेवताना तू म्हटलं, "तिले एकच विचार. आईनं शेवटी माझं नाव काढलं होतं का?"

तर दादा, मले नीट आठवत नाही. आठ वर्षं झाली. ती अकरा दिवस सेक्टर नाइनच्या हॉस्पिटलात होती आणि शेवटचे दिवस तर ग्लानीतच होती. काय बोलायची, काय नाही. तू त्याचा विचार करत बसू नको.

इकडं तयारी जोरात आहे. वेबर साहेबाच्या बायकोसाठी कोशाच्या रेशमाचं उपरणं घेतलं, चांपा गावचं. म्हाताऱ्या आईसाठी काय न्यावं ते सुचत नव्हतं. शेवटी मीच एक गोधडी शिवायला घेतली आहे, माझ्या जुन्या पातळांची. हे म्हणाले, त्यांच्याकडं गाद्या असतात गुडघ्याएवढ्या. असू दे. म्हातारं माणूस आहे, गोधडी लागते.

पाटवडीसाठी बेसन आणि तिखट न्यायचं आहे. विमानात नेऊ देतात का, ह्यावर घरात दोन पक्ष आहेत. हे रोज सकाळी काटा-चमच्यानं पोहे खायची प्रॅक्टिस करून राहिले, निम्मे पोहे बनियनवर. आणि मी त्यांच्याकडचा एक शब्द शिकली. 'मोयेन' म्हणतात ते भेटल्यावर. सकाळ, दुपार, संध्याकाळ, केव्हाही चालते. दारावर भाजीवाली आली, मी म्हटलं मोयेन, तर ती म्हणते, बाई, ते नाही आणलं आज, भेंडी आहे.

ऑगस्टअखेर लक्षात ठेव. वहिनीले सांग, कार्डाच्या कडेनं उभं लिहू नको, वाचायले मान मोडते.

तुझी बहीण


कोहका
२ ऑगस्ट १९९२

दादा,

मागचं पत्र फाडून टाक. त्यातलं गोधडीचं खरं आहे, काट्या-चमच्याचं खरं आहे. आठवत नाही हे खोटं आहे. मले सगळं आठवते.

पत्र पेटीत टाकून आली तेव्हापासून माझं कशात चित्त नाही. गोधडीचा टाका वाकडा येऊन राहिला. हे म्हणाले, "तुले बरं नाही का?" मी म्हटलं, बरं आहे. मग आज सकाळी ह्यांले सांगतलं, आणि आता तुले सांगते. सही द्यायची का नाही, ते हे वाचल्यावर ठरव.

मी गोंदियाले तुझ्या क्वार्टरवर आली होती, त्या दिवशी तू गाडी घेऊन लाइनवर होता. वहिनी तिच्या माहेरी गेली होती, तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. आई एकटी होती, अंगात ताप, दम लागलेला. शेजारची मैनाबाई तिले चहा देऊन गेली होती, एवढंच. मी थांबायले पाहिजे होतं. तू दुसऱ्या दिवशी येणार होता. पण मी थांबली नाही. रेडिओखाली चिठ्ठी ठेवली आणि आईले घेऊन दुपारच्या पॅसेंजरमध्ये बसली. तू घरी आला तर घर रिकामं. एवढं तर तुले माहीत आहे.

चौथ्या दिवशी तू भिलाईले आला. आईचा ताप उतरला होता, तुझ्या हातानं तिनं संत्रं खाल्लं. मग घरी येऊन व्हरांड्यात आपलं झालं. तू म्हटलं, माझ्या घरातून माझी आई चोरून आणली. मी म्हटलं, तुझ्या घरात तिले पाणी द्यायलेही कोणी नव्हतं. ते खोटं होतं, दादा. पाणी होतं. मैनाबाई होती. तू गेल्यावर आईनंच मले सांगतलं, की दौलत लाइनवर जाताना रोज मैनाबाईले सांगून जाते आणि परतला की पहिले माझे पाय चेपते. मी ऐकून घेतलं आणि गप्प बसली.

आता तुले माहीत नाही ते.

नवव्या दिवशी आईचं पुन्हा बिघडलं. ती ग्लानीत नव्हती. चांगली शुद्धीवर होती. तिनं म्हटलं, दौलतले बोलाव. मी म्हटलं, हो. दहाव्या दिवशी पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, तार केली आहे, येऊन राहिला. दादा, मी तार केली नव्हती. तू मले वसुंधराबाई म्हणून पायरी उतरून गेला होता, आणि मी म्हटलं, येऊ दे त्याले आपल्या पायानं, मी कावून बोलावू. मले वाटलं होतं की ती बरी होईल, आणि मग तूच येशील, आणि मग मी ताठ राहीन. ह्यांनी दोनदा विचारलं, तार करू का. मी म्हटलं, माझ्या भावाचं मी पाहीन.

अकराव्या दिवशी सकाळी ती गेली. तार त्यानंतर गेली, आणि तीही ह्यांनी केली.

तू विचारलं की तिनं तुझं नाव काढलं का. तीन दिवस तिनं दुसरं नावच काढलं नाही. नर्स आली की तिले सांगायची, माझा पोरगा गाडीवर आहे. शेवटच्या सकाळी मी म्हटलं, आई, येईल तो. तर ती म्हणाली, "त्याची गाडी सिग्नलले उभी असन. त्याच्या हातात थोडीच आहे." हे तिचं शेवटचं वाक्य. तुझ्यावर रागावली नव्हती. आला नाही असंही ती म्हणाली नाही. ती तुझी वाट पाहत होती आणि तिले खात्री होती की तू वाटेत आहे.

हे आठ वर्षं तुझं होतं आणि मी माझ्यापाशी ठेवलं.

त्यानंतर तुझी गाडी भिलाईवरून किती वेळा गेली असन. एकदा ह्यांनी पॉवर हाऊसच्या रेल्वे फाटकावर तुले मालगाडीच्या मागच्या ब्रेकव्हॅनमध्ये पाहिलं. ह्यांनी हात वर केला तर तू हिरवी झेंडी दाखवली. हे खूश होऊन घरी आले. मी म्हटलं, झेंडी तर गार्ड कोणालेही दाखवते. पण त्यानंतर मी त्या फाटकाकडून भाजीले जायले लागली, उगाच, लांब पडते तरी.

राखी आणून ठेवली आहे. पाठवत नाही. आत्ता पाठवली तर सहीसाठी लाच दिल्यासारखं होईल.

सही नाही केली तर नको करू. आम्ही नाही जाणार, बस. खरंच सांगते, मले त्याचं आता फार वाटणार नाही. लिहिता लिहिता दुपार झाली आणि मले भूक लागली आहे, सपाटून. चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं. आता उठते आणि ह्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी भाकरी टाकते.

मी


कोहका
२४ ऑगस्ट १९९२

दादा,

रजिस्टर पत्र शुक्रवारी मिळालं. पोस्टमननं या वेळी घंटी वाजवली. मी दारातच फोडलं. आत पत्र नव्हतं, चिठ्ठी नव्हती, नुसता स्टॅम्प पेपर. म्हटलं, ठीक आहे, सही तर दिली. मग वाचलं. वाचून झाल्यावर मी पायरीवर बसली ती हे बाजारातून येईपर्यंत तिथंच होती. ह्यांले वाटलं कोणी गेलं.

तू माझा नमुना वापरला नाही. स्वतः सांगून लिहून घेतलं, हे दिसतेच आहे, कारण कोणता अर्जनवीस असं लिहील. मी इथं उतरवून काढते, तुले पाठ असलं तरी. मले लिहायचं आहे.

'मी, दौलतराव बाबाराव झंझाड, वय ५८ वर्षे, धंदा सेवानिवृत्त रेल्वे गार्ड, राहणार गोंदिया, जिल्हा भंडारा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, कु. तारा बाबाराव झंझाड व सौ. वसुंधरा मारोतराव लांजेवार ही एकच व्यक्ती असून ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे. तिला मी तिच्या जन्मापासून ओळखतो. मॅट्रिकच्या परीक्षेस मी तिला स्वतः सायकलवर नेले असल्याने सदर सर्टिफिकेट तिचेच आहे याची मला खात्री आहे. तसेच सन १९८४ मध्ये आमच्या आईस तिने औषधोपचारासाठी भिलाई येथे नेले व अखेरपर्यंत तिची सेवा केली. आईस तिने माझ्या संमतीने नेले असे समजावे. याबाबत माझी तिच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही.'

खाली तुझी सही, कोर्टाचा शिक्का, दोन साक्षीदार. एक साक्षीदार मैनाबाई, अंगठा. तिले तू कोर्टात नेलं का रे? त्या वयात?

'माझ्या संमतीने नेले असे समजावे.' ह्यांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "तुझा भाऊ रेल्वेत वाया गेला, वकील व्हायले पाहिजे होता."

परवा दुर्गले कोर्टाजवळ केवलराम नोटरीकडं गेलो, की कागद चालतो का ते दाखवावं. त्यानं चष्म्याच्या वरून दोनदा वाचलं. म्हणते, "दीदी, आखिरी के दू-तीन लाइन फालतू हे, फेर चल जाही." शेवटच्या ओळी फालतू, पण चालेल म्हणते. आजच भोपाळले पाठवा, म्हणते, वेळेत पोचेल, ऑक्टोबरात आरामात जाल. मी विचारलं, हा कागद परत भेटते का? तर म्हणते, मूळ कागद फाइलले लागते, परत कशाचा भेटते. मी म्हटलं, झेरॉक्स लावली तर? नाही, म्हणते, मूळच पाहिजे.

मी कागद त्याच्या हातातून काढून घेतला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मले वाटलं, आता चिडतील. दोन महिने तक्ता करून राहिला आहे माणूस. पण ते केवलरामले म्हणाले, "दुसरा बनवतो." आणि बाहेर येऊन स्कूटरले किक मारली.

घरी येऊन त्यांनी वेबर साहेबाले पत्र लिहिलं, की ऑक्टोबरात जमत नाही, एप्रिलमध्ये येऊ. कारण काय लिहिलं, विचारलं तर म्हणाले, घरगुती. द्राक्षं नसतील तेव्हा, पण झाडं तर असतील. तक्ता खोडून पुन्हा करायले घेतला आहे, आता त्यात थंडीचे कपडे कमी लागतात म्हणून खूश आहेत. गोधडीही पुरी होईल. देश लहान आहे, पण पळून थोडाच जाते. आणि भट्टी तर थंडच आहे, अजून सहा महिन्यांत काय होणार तिचं.

तर आता तुले दुसरं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. पोस्टानं पाठवू नको. दिवाळीले दोघंही या. ऑक्टोबरात आम्ही आता घरीच आहोत. पॅसेंजरनं नको येऊ, रात्र होते, सकाळच्या एक्स्प्रेसनं ये आणि दुर्गले नको उतरू, भिलाईले उतर, इतक्या वेळा नुसता वरून गेला आहे. हे स्टेशनवर येतील. भाऊबीजेले तुझ्या ताटात पाटवडी ठेवीन, वहिनीले तिखट चालत नाही हे माझ्या ध्यानात आहे. राखी ठेवलीच आहे, तीही त्याच दिवशी बांधते, उशीर झाला तर झाला. मग कोर्ट उघडलं की आपण तिघं केवलरामकडं जाऊ.

दुसऱ्या कागदात फक्त सरकारनं विचारलं तेवढंच लिही. तारा आणि वसुंधरा एकच आहे, खाली सही, बस. आईचं त्यात लिहू नको. माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट भोपाळच्या फाइलीत आहे, त्याची पेटीतली जागा रिकामी होती. आईचं लिहिलेला कागद मी तिथं ठेवला आहे आणि तो मी कोणालेही देणार नाही.

तुझी
तारा